'ग़रीबगज़' : मियानेहच्या किड्याचा आणि उलटणाऱ्या तापाचा इतिहास

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना झां द थेवेनो हे नाव परिचित आहे. हा फ्रेंच प्रवासी १६६६ च्या जानेवारीत सुरतेस उतरला. तेथून तो औरंगाबादेस आला, वेरूळची लेणी त्याने पाहिली आणि पुढे तो गोवळकोंड्यापर्यंत गेला. सुरतेची लूट त्याच्या येण्यापूर्वी दोनच वर्षे झाली होती. त्यामुळे शिवाजी महाराजांविषयी त्याने जे ऐकले ते त्याच्या प्रवासवृत्तात आले आहे. अरबी, फार्सी आणि तुर्की या भाषा त्याला अवगत होत्या. १६६७ मध्ये तो परतीच्या वाटेला लागला. इस्फहान येथे अपघाताने पिस्तुलाची गोळी लागून तो जखमी झाला. तशाही स्थितीत तबरेझच्या दिशेने निघाला असता २८ नोव्हेंबर १६६७ रोजी मियानेह नावाच्या गावी त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे ३४ वर्षांचे होते.

थेवेनोच्या चरित्रात मियानेहचा उल्लेख एवढाच येतो. परंतु त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी हेच गाव एका वेगळ्या कारणाने युरोपभर गाजले. ते कारण म्हणजे तेथील सराईच्या भिंतींतून रात्री बाहेर पडणारा एक चपटा, करड्या रंगाचा किडा. या किड्याच्या निमित्ताने माणसाला आणि त्याच्या पाळीव जनावरांना गोचिडीपासून होणाऱ्या एका जिवाणूजन्य रोगाचा इतिहास कसा उलगडत गेला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या इतिहासातील काही महत्त्वाची पाने मुंबई आणि नाशिक येथे लिहिली गेली, म्हणूनही हा विषय आपल्या वाचकांसमोर मांडावासा वाटला.

शब्दाचा अर्थ

इराणच्या त्या भागातील लोक या किड्याला 'ग़रीबगज़' म्हणत. उर्दूच्या विद्यार्थ्याला हा शब्द ऐकताच प्रथम वाटते की, गरिबांना चावणारा तो ग़रीबगज़. मराठीतही आपण 'गरीब' हा शब्द निर्धन किंवा भोळाभाबडा या अर्थाने वापरतो. परंतु अरबी व फार्सीतील मूळ अर्थ 'परका', 'परदेशी', 'आपल्या मुलुखापासून दूर असलेला' असा आहे. ज्याला परक्या गावी आपले म्हणावे असे कोणी नाही, तो आपोआपच लाचार होतो. त्या वाटेने पुढे या शब्दाला निर्धनतेचा अर्थ चिकटला असावा. 'गज़ीदन' म्हणजे चावणे, डसणे. उर्दूतील 'मारगज़ीदा' म्हणजे सर्पदंश झालेला हा शब्द त्याच धातूपासून आला आहे. तेव्हा ग़रीबगज़ म्हणजे परक्याला डसणारा.

या एका शब्दात त्या गावाचे अनेक पिढ्यांचे निरीक्षण साठवलेले आहे. किडा चावतो सर्वांनाच. परंतु गावकऱ्याला त्याची बाधा फारशी होत नाही, मुसाफिर मात्र आजारी पडतो आणि कधी दगावतो, असे लोकांचे म्हणणे होते. एकोणिसाव्या शतकात तबरेझ-तेहरान रस्त्याने गेलेल्या अनेक युरोपीय प्रवाशांनी ही समजूत नोंदवून ठेवली. काहींनी तिच्यावर विश्वास ठेवून मियानेहला मुक्काम करण्याचे टाळले, तर काहींनी तिला पौर्वात्यांची अतिशयोक्ती समजून हसण्यावारी नेले. किडा जर विषारी असेल तर तो माणूस पाहून विष कसे सोडील, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न तर्काला धरून होता, पण उत्तर शोधण्याची तसदी बराच काळ कोणी घेतली नाही. निसर्गशास्त्रज्ञांनी किड्याला नाव तेवढे दिले. १८१८ मध्ये ओकेन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले आणि आज तो 'अर्गास पर्सिकस' या नावाने ओळखला जातो. तो ढेकूण नव्हता, गोचीड होती.

गुराच्या कानात किंवा कासेला चिकटून दिवसचे दिवस रक्त पिणारी टणक पाठीची गोचीड आपल्या परिचयाची आहे. अर्गास आणि तिच्या जवळची ऑर्निथोडोरस या गोचिडी त्याहून वेगळ्या आहेत. त्यांची पाठ मऊ, चामड्यासारखी असते. त्या दिवसा भिंतीच्या भेगांत, मातीत, गोठ्याच्या कोपऱ्यांत दडून राहतात, रात्री बाहेर येतात, बहुधा तासाभराच्या आत पोट भरतात आणि पुन्हा भेगेत जातात. चावलेले बहुधा कळतही नाही. उपाशीपोटी त्या अनेक वर्षे जगू शकतात. एखादी सराई वर्षानुवर्षे ओस पडली, तरी तिच्या भिंतींतील हे बिऱ्हाड नव्या पाहुण्याची वाट पाहत जिवंत राहते.

तेहरानमधील फ्रेंच हकीम

लोकांच्या या बोलण्याकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांत जोसेफ देझिरे थोलोझाँ यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १८२० मध्ये मॉरिशस बेटावर जन्मलेले हे फ्रेंच लष्करी डॉक्टर १८५८ मध्ये तेहरानला आले. नासिरुद्दीन शाह काजार याचे ते खाजगी वैद्य होते. १८९७ मध्ये तेहरानमध्येच त्यांचे निधन झाले. इराणमधील प्लेग व पटकी यांच्या साथींवर त्यांनी विपुल लेखन केले.

थोलोझाँ यांनी या गोचिडींचे नमुने मिळवून पॅरिसला पाठवले आणि १८८२ मध्ये त्यांच्या दंशाने होणाऱ्या विकारांवर लेख लिहिला. नमुने तपासणाऱ्या लाबुलबेन आणि मेन्यां या शास्त्रज्ञांना त्यांत एक निराळी जात आढळली. ती मेंढ्यांच्या वस्तीत सापडणारी होती. फार्सीत गोचिडीला 'कने' म्हणतात, त्याच नावाने लोक तिला ओळखत. मियानेहच्या ग़रीबगज़पासून ते तिला वेगळी मानत. थोलोझाँ यांच्या सन्मानार्थ या जातीला 'थोलोझानी' हे नाव देण्यात आले. आज ती 'ऑर्निथोडोरस थोलोझानी' या नावाने ओळखली जाते.

त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती की, खरा गुन्हेगार हीच दुसरी गोचीड आहे. सराईच्या भिंतीवर सहज दिसणारी, मुख्यतः कोंबड्यांवर जगणारी अर्गास पर्सिकस बदनाम झाली. मेंढ्यांच्या वाड्यांत, गुहांत आणि उंदरांच्या बिळांत राहणारी थोलोझानी मात्र बराच काळ संशयाबाहेर राहिली. माणसे, उंट, मेंढ्या आणि कोंबड्या एकाच आवारात रात्र काढतात, तेथे कोणत्या गोचिडीने काय केले हे ओळखणे सोपे नव्हतेच. शिवाय दंश आणि ताप यांच्यामधील दुवा कोणता, हेच अद्याप कळलेले नव्हते. तो दुवा निराळ्याच वाटेने सापडत होता.

मुंबई आणि नाशिक

एक विशिष्ट ताप युरोपात फार पूर्वीपासून ओळखला जात होता. तो एकाएकी चढतो, काही दिवसांनी घाम येऊन उतरतो, रोगी बरा झालासे वाटते आणि साधारण आठवड्याने पुन्हा तोच ताप उलटतो. बर्लिनमधील तरुण डॉक्टर ओट्टो ओबरमायर यांना १८६८ मध्ये अशा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणदार, सतत वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. १८७३ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी पटकीने त्यांचा मृत्यू झाला.

हा शोध भारतात पडताळला गेला तो मुंबईत. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. अन्नासाठी गावे सोडून माणसांचे तांडे मुंबईकडे आले आणि १८७७ मध्ये शहरात या तापाची साथ पसरली. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे डॉक्टर तेव्हा मुंबईत होते. 'ग्रेज अॅनाटॉमी' या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत आणि काही वर्षे सातारा येथेही ते सिव्हिल सर्जन होते. रोग्यांच्या रक्तात त्यांना ओबरमायर यांनी वर्णिलेलेच जिवाणू दिसले. पुढे माकडांना रोग्याचे रक्त टोचून त्यांनी त्यांच्यात तोच ताप उत्पन्न करून दाखवला. पश्चिम हिंदुस्थानातील या 'दुष्काळी तापा'वरचा त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. थोलोझाँ यांचा गोचिडींवरील लेखही त्याच वर्षीचा. एक विद्वान तेहरानमध्ये गोचीड पाहत होता, दुसरा मुंबईत जिवाणू पाहत होता, पण या दोन गोष्टी एकाच कुळातल्या आहेत हे त्या वर्षी कोणालाच ठाऊक नव्हते.

मुंबईतील साथ मात्र गोचिडीची नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. भारतीय वैद्यकीय सेवेतील एफ. पी. मॅकी यांनी १९०७ मध्ये नाशिक येथील एका मिशन वसाहतीत पसरलेल्या साथीचा अभ्यास केला. तेथे मुलींपेक्षा मुलांमध्ये रोगाचे प्रमाण बरेच जास्त होते आणि कपड्यांतील उवांचा त्रासही मुलांनाच अधिक होता. मॅकी यांनी उवा तपासल्या, तेव्हा त्यांच्या शरीरात तेच जिवाणू आढळले. दुष्काळात घर सुटलेली, अंगावरच्या एकाच वस्त्रानिशी दाटीवाटीने राहणारी माणसे या तापाला का बळी पडत, याचे उत्तर नाशिकच्या या निरीक्षणाने दिले. एका जातीचा जिवाणू उवेतून माणसाकडून माणसाकडे जातो, तर त्याचे भाऊबंद मऊ गोचिडीतून येतात, हा भेद हळूहळू स्पष्ट झाला.

आफ्रिकेतील पुरावा

गोचिडीचा पुरावा आफ्रिकेतून मिळाला. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनी १८५७ च्या आपल्या प्रवासग्रंथात अंगोलातील झोपड्यांमध्ये राहणाऱ्या 'टाम्पान' नावाच्या गोचिडीचा आणि तिच्या दंशाने होणाऱ्या त्रासाचा उल्लेख केला होता. १९०४ मध्ये युगांडात रॉस आणि मिल्न यांनी अशा तापाच्या रोग्यांच्या रक्तात वळणदार जिवाणू पाहिले. (हे रॉस म्हणजे मलेरियाचे संशोधक सर रोनाल्ड रॉस नव्हेत.) काँगोमध्ये डटन आणि टॉड या दोघांनी माकडांवर गोचिडी सोडून त्यांच्या दंशाने रोग होतो हे सिद्ध केले. हे काम करताना दोघांनाही हा ताप आला. जोसेफ एव्हरेट डटन २७ फेब्रुवारी १९०५ रोजी काँगोतच मरण पावले. तेव्हा ते तिशीचे होते. त्या जिवाणूला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्याच सुमारास रॉबर्ट कॉख यांनी पूर्व आफ्रिकेत गोचिडीच्या अंड्यांतही जिवाणू दाखवले. म्हणजे रोगाचा वारसा आईकडून पिलांकडे जातो आणि एकदा दूषित झालेली झोपडी पिढ्यान्‌पिढ्या दूषित राहू शकते. १९०७ मध्ये या जिवाणूंच्या कुळाला फ्रेंच शास्त्रज्ञ बोरेल यांच्यावरून 'बोरेलिया' हे नाव देण्यात आले.

आफ्रिकेतील या पुराव्यानंतर मियानेहच्या जुन्या गोष्टीचा अर्थ लागू लागला. १९१३ मध्ये झुंकोव्स्की यांनी वायव्य इराणमधील तापाच्या जिवाणूचे वर्णन करून त्याला 'पर्सिका' असे नाव दिले. हेच झुंकोव्स्की १९०४ मध्ये लुस यांच्यासह कॉकेशसपलीकडील गुरांच्या थायलेरिया या रोगाच्या परजीवीचे वर्णन करून गेले होते. तो रोगही गोचिडीनेच पसरतो. जनावरांचे रोग पाहणाऱ्या नजरेला माणसाच्या तापातला धागा दिसावा, यात नवल नाही.

कोंबड्यांचा रोग

या इतिहासात कोंबड्यांचे स्थान दुय्यम नाही. १८९१ मध्ये साखारोव्ह यांना कॉकेशसपलीकडे मरणाऱ्या हंसांच्या रक्तात असेच वळणदार जिवाणू आढळले होते. १९०३ मध्ये मार्शू आणि सालिंबेनी यांनी ब्राझीलमध्ये कोंबड्यांच्या अशाच रोगाचा अभ्यास करून तो अर्गास गोचिडीने पसरतो हे दाखवले. म्हणजे या कुळातील जिवाणू गोचीड वाहून नेते हे कोंबड्यांच्या बाबतीत आधी कळले आणि माणसांच्या बाबतीत नंतर. सराईच्या भिंतीवरील अर्गास पर्सिकस माणसाच्या बाबतीत निर्दोष ठरली तरी कोंबडीच्या बाबतीत ती दोषी आहेच. तिने पसरवलेला हा रोग भारतातही आढळतो. कोंबडी गुंगल्यासारखी बसून राहते, तुरा काळसर पडतो, हिरवट पातळ विष्ठा होते आणि पायांतील बळ जाते. वेळेवर पेनिसिलिन दिल्यास ती वाचू शकते.

आमच्या बेळगाव भागात लहानपणी घरोघरी खुराडी असत. कोंबड्या मरू लागल्या की वडीलधारी माणसे 'मर आली' एवढेच म्हणत. तीत कोणता रोग कोणता हे निवडण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तरीही आमची आजी दरवर्षी खुराड्याच्या फटींवर कढत पाणी ओतून मग चुना भरून घेई. विचारले तर म्हणे, "कोंबडीचं दुखणं कोंबडीत नसतं बाळा, भिंतीत असतं." हा विषय वाचताना तिचे हे वाक्य वारंवार आठवत राहिले.

परक्यालाच का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किडा माणूस पाहून कसा चावतो? उत्तर असे की, तो माणूस पाहून चावत नाही. ज्या गावात अशा गोचिडी आहेत, तेथील माणसाला तिचा दंश बालपणापासून होत असतो. त्यातून जे वाचतात, त्यांच्या शरीरात त्या जिवाणूविरुद्ध काही प्रमाणात प्रतिकारशक्ती तयार होते. नव्याने आलेल्या मुसाफिराला मात्र ती नसते. त्यामुळे तोच दंश गावकऱ्याला किरकोळ आणि परक्याला जीवघेणा ठरू शकतो. यात एक दुःखद बाजूही आहे. गावातील प्रौढ माणूस निरोगी दिसतो, तो लहानपणी वाचला म्हणून. जी मुले वाचली नसतील, त्यांची नोंद कोणत्याही प्रवाशाच्या रोजनिशीत नाही. 'गावकऱ्यांना काही होत नाही' हे वाक्य जे उरले त्यांच्याकडे पाहून लिहिलेले आहे.

ताप उलटतो का, याचेही उत्तर आता मिळाले आहे. शरीर जिवाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिने ओळखून त्याचा नाश करते, तेव्हा ताप उतरतो. परंतु काही जिवाणूंनी तोवर ती प्रथिने बदललेली असतात. शरीर त्यांना नव्याने ओळखेपर्यंत ते वाढतात आणि ताप पुन्हा चढतो.

हा रोग इतिहासजमा झालेला नाही. इराण, मध्य आशिया आणि पश्चिम आशियाच्या काही भागांत तो आढळतो. थोलोझानी गोचिडीची नोंद काश्मीरमध्येही झालेली आहे. इस्रायलमध्ये गुहांत वावरणाऱ्यांना तो होत असल्याने त्याला तेथे 'गुहेचा ताप' म्हणतात. तेथील सैनिकांवरील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दंशानंतर लगेच दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने रोग टाळता येतो असे दिसून आले. पर्सिका जिवाणूमुळे कुत्री व मांजरेही आजारी पडतात, हे तेथील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले. उपचार उपलब्ध आहेत. अडचण निदानाची आहे. ताप असताना घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर जिवाणू दिसतात, पण ताप उतरल्यावर ते बहुधा सापडत नाहीत. ताप येऊन-जाऊन असल्यामुळे तो मलेरिया समजला जाण्याची शक्यता असते. रोग्याला दंश आठवत नाही. म्हणून अशा मुलुखातून आलेल्या माणसाला ताप आला तर 'काय खाल्ले' याबरोबर 'रात्री कोठे झोपला होता' हा प्रश्नही डॉक्टरांनी विचारला पाहिजे, आणि आपण होऊन ते सांगणे हे रोग्याचेही काम आहे.

समारोप

इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात असे वाटते. पहिली अशी की, लोकांच्या तोंडी असलेला शब्द हाही एक दस्तऐवज आहे. 'ग़रीबगज़' या शब्दात रोगप्रतिकारशक्तीचे एक अचूक निरीक्षण होते, परंतु ते शास्त्राच्या भाषेत नव्हते म्हणून कित्येक वर्षे ते कुतूहलाचा विषय बनून राहिले. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. निरीक्षण खरे होते म्हणून सगळाच निष्कर्ष खरा ठरत नाही. लोकांनी रोग बरोबर ओळखला, पण दोष बहुधा चुकीच्या गोचिडीवर ठेवला. त्याच न्यायाने थेवेनो मियानेहला मरण पावला एवढ्यावरून त्याचा बळी या किड्याने घेतला असे म्हणणे मोहक असले तरी योग्य नाही. त्याला गोळी लागली होती आणि उपलब्ध हकिकत तेवढेच सांगते. जेथे पुरावा थांबतो तेथे आपणही थांबावे.

थोलोझाँ यांचे मोठेपण यातच आहे. शाहच्या दरबारात मानाचे स्थान असूनही मेंढपाळ आणि सराईवाले काय म्हणतात ते त्यांनी ऐकून घेतले, आणि ऐकलेले तपासण्यासाठी नमुने पाठवले. ऐकणे आणि तपासणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्या गोचिडीबरोबर त्याचे नाव घेतले जाते.